मुलांचे टेडी घरी कसे धुवावेत? पावसाळ्यात आधी वाळवायचं बघा

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. पावसाळा सुरू झाल्यापासून रात्री नाक चोंदतं, पहाटे शिंकांवर शिंका. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी सांगितली आणि पलंगावरचे टेडी एकतर नीट धुवा नाहीतर खोलीतून काढा, असं सुचवलं. घरात लहानमोठी दहा-बारा सॉफ्ट टॉईज आहेत. त्यात मामाने वाढदिवसाला आणलेला जवळजवळ मुलीएवढाच टेडी, पोट दाबलं की गाणारा ससा आणि आजीने जुन्या साडीची शिवलेली बाहुली. मशीन टॉप लोड, पाणी गरम करायची सोय नसलेलं. सगळं एकदम मशीनला लावून शेवटच्या पाण्यात डेटॉल टाकलं तर चालेल का, की सरळ ड्रायक्लीनला द्यावं?

ताई, माझी इंदिरानगरला लॉन्ड्री आहे, वडिलांपासूनची. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: ड्रायक्लीनला देऊ नका. आमच्या धंद्यात ज्याला पेट्रोल वॉश म्हणतात, त्यात पाण्याऐवजी पेट्रोलियमचं सॉल्व्हंट असतं. काही ठिकाणी परक्लोरोइथिलीन वापरतात. साडी किंवा कोट पातळ असतो, त्यातून ते उडून जातं. टेडीच्या पोटात चार-सहा इंच फायबर कोंबलेलं असतं, तिथे ते रेंगाळतं, आणि तोच टेडी मूल तोंडाला लावून झोपतं. शिवाय सॉल्व्हंटने चिकटवलेले डोळे-नाक सुटतात, प्लॅस्टिकची चकाकी जाते. गिऱ्हाईक टेडी घेऊन आलं तर मी तो पाण्यातच धुतो, आणि ते तुम्ही घरीही करू शकता.

पण सगळं एकदम मशीनला लावू नका, आणि आज तर नकोच. बाहेर झड लागली आहे. आमच्याकडे वाया गेलेली जी सॉफ्ट टॉईज येतात, ती धुताना वाया गेलेली नसतात, वाळवताना गेलेली असतात. वरून हात लावला तर कोरडं, नाकाशी धरलं तर कुबट. पोटात ओल राहिली की दोन-तीन दिवसांत वास येतो, मग बुरशी. ॲलर्जीच्या मुलीला ती बुरशीही त्रास देऊ शकते. म्हणून टेडी बादलीत टाकण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवायची: हा माझ्या घरात, या हवेत, चोवीस ते छत्तीस तासांत आतपर्यंत वाळेल का? वाळणार नसेल तर आज भिजवायचा नाही. दुसरे उपाय आहेत, ते पुढे सांगतो.

डॉक्टर धुळीची ॲलर्जी म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा रस्त्यावरच्या मातीचा प्रश्न नसतो. घरातल्या धुळीत डस्ट माइट नावाचे सूक्ष्म किडे असतात, लांबी साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणारा कोंडा खातात आणि पाणी न पिता हवेतला ओलावा अंगात शोषून जगतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. गादी, उशी, गोधडी आणि मऊ खेळणी ही त्यांची घरं. हवेतली आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली की ते वाळून मरतात. नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी त्यांना झेपत नाहीत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मात्र त्यांची चंगळ असते. तुमच्या मुलीच्या शिंका पावसाबरोबर सुरू झाल्या, त्याचं हे एक कारण असू शकतं.

यावरून लक्षात येईल की कामं दोन आहेत. किडे मारणं हे एक, त्यांची घाण धुऊन काढणं हे दुसरं. घाण साध्या गार पाण्यानेही बरीचशी निघते, पण गार पाण्यात किडे मरत नाहीत. ते मारायला 60 अंश सेल्सिअसचं पाणी लागतं, नाहीतर कडक थंडी. अनेक टेडींना 60 अंश सोसत नाही. अशांना थंडीची वाट धरायची, मग गार किंवा कोमट पाण्याने धुवायचं.

आधी सगळी खेळणी जमिनीवर मांडा आणि एकेकाचं पोट चाचपा. दाबून सोडलं की लगेच फुगलं आणि हातात हलकं लागलं तर आत पॉलिएस्टरचं फायबर आहे. बाजारात बरेच जण त्याला रेक्रॉन म्हणतात. हे धुवायला सगळ्यांत सोपं. दाबलं की दबलेलंच राहिलं, जड लागलं, गाठी लागल्या तर कापूस किंवा चिंध्या. कुरकुर वाजलं तर थर्माकोलचे दाणे. कडक डबी लागली तर बॅटरी. कालिका देवीच्या यात्रेतून किंवा रस्त्याकडेच्या गाडीवरून घेतलेल्या खेळण्यांत काय भरलंय याचा काही नेम नसतो, तिथे हातावरच विश्वास ठेवावा लागतो. ब्रँडेड खेळण्याच्या शिवणीत कापडी लेबल असतं. पाण्याच्या टबात हात दाखवला असेल तर हाताने धुवा, टबात आकडा असेल तर त्या अंशांपर्यंतच पाणी, आणि टबावर फुली असेल तर भिजवूच नका. वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायक्लीन नको. आयएसआय चिन्हही बघून ठेवा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचं झालं आहे.

मग डोळे, नाक, बटणं एकेक धरून ओढा. बोटाने ओढल्यावर हलणारा डोळा धुतल्यावर निघणारच. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर तो डोळा आताच काढून टाका आणि त्या जागी जाड दोऱ्याने डोळा भरा. लहान मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग किती छोटा असेल तर धोक्याचा, हे तपासायला एक नळी वापरतात, तिचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. त्यात मावणारी कुठलीही वस्तू तान्ह्याच्या घशात अडकू शकते. उसवलेली शिवण धुण्याआधीच शिवायची. नंतर शिवू म्हटलं की अर्धं फायबर मशीनच्या जाळीत सापडतं.

रंगाची परीक्षा विसरू नका. पांढरा ओला कपडा टेडीच्या पाठीवर, न दिसणाऱ्या जागी, दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. कपड्यावर रंग उतरला तर तो टेडी एकटाच धुवा, गार पाण्यात आणि झटपट. मीठ किंवा तुरटी टाकली की रंग पक्का होतो असं आपल्याकडे सांगतात. कारखान्यात रंगवून आलेल्या कापडाचा सुटणारा रंग घरच्या मिठाने थांबत नाही.

आता धुणं. फायबर भरलेले, एक हात लांबीपर्यंतचे टेडी मशीनला लावता येतात. प्रत्येकाला उशीच्या जुन्या अभ्र्यात घाला आणि अभ्र्याचं तोंड नाडीने घट्ट बांधा. टॉप लोडमध्ये खालची चकती कपडे पिळवटते, अभ्रा नसेल तर केस विंचरल्यासारखे एका बाजूला ओढले जातात आणि कान उसवतात. एका वेळी दोनच टेडी आणि सोबत दोन टॉवेल, म्हणजे ड्रमचा तोल राहतो. साबण पातळ घ्या, लिक्विड डिटर्जंट, आणि डब्यावर अर्ध्या लोडला जेवढं लिहिलंय त्याच्याही निम्मं. पावडर गार पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तिचे कण लोकरीत अडकून बसतात आणि मुलाच्या गालाला खाज सुटते. जेंटल किंवा डेलिकेट सायकल, आणि दोनदा खळबळणं. कम्फर्टसारखं फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. केसांवर त्याचा थर बसतो आणि सुगंध ॲलर्जीच्या मुलांना झोंबू शकतो.

हाताने धुणार असाल तर दहा लिटर कोमट पाण्याला एक लहान चमचा लिक्विड पुरे. टेडी बुडवून तळव्याने दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. घासायचं नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त भिजत ठेवायचं नाही. मळ जास्त असेल तर पाणी बदलून पुन्हा धुवा, रात्रभर भिजत घालून काही जास्त निघत नाही. खळबळताना टेडीचं पोट दाबल्यावर फेस यायचा थांबला की झालं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येणाऱ्या घरांत दोन-तीन पाण्यांत काम होतं. शहराच्या कडेच्या ज्या सोसायट्यांना बोअरचं जड पाणी येतं, तिथे फेस कमी येतो म्हणून लोक साबण वाढवत जातात, आणि तोच साबण पोटात राहतो. बोअरचं पाणी असेल तर साबण तेवढाच ठेवा, खळबळणं एकदा वाढवा.

60 अंशांचं पाणी मशीनशिवाय कसं करायचं, हे विचारलं जातंच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. उकळतं पाणी आणि नळाचं पाणी सारख्या मापाने मिसळलं तर 60 च्या आसपास येतं. बादली थोडी उष्णता खाते, म्हणून उकळतं पाणी जरा जास्त. टेडी त्यात लाकडी उलथन्याने दाबून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. हे फक्त तोकड्या, गुळगुळीत प्लशच्या म्हणजे मखमलीसारख्या कापडाच्या आणि भरतकामाचे डोळे असलेल्या खेळण्यांना. पॉलिएस्टर 70 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, तेव्हा उकळत्या पाण्यात थेट टाकला तर केस कायमचे वेडेवाकडे बसतात. लांब केसांच्या टेडीला हा प्रयोग करू नका. बादली मुलीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, हे सांगायला नको.

यानंतर खरं काम. पिळू नका. पिळल्याने पाणी निघतं खरं, पण फायबरचे गोळे होतात आणि ते परत सुटत नाहीत. मशीनमध्ये अभ्र्यासकट नुसतं स्पिन दोनदा फिरवा. आमच्याकडे यासाठी हायड्रो म्हणजे जोरात फिरवून पाणी काढणारं मोठं मशीन असतं, घरचं स्पिन त्याच्या जवळपास काम करतं. हाताने धुतलेला टेडीही स्पिनसाठी मशीनमध्ये टाका. मशीन नसेल तर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर गुडघ्याने वजन द्या, टॉवेल बदला, पुन्हा द्या. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही, पाणी धाग्यांच्या मधल्या फटीत असतं, म्हणून जोरात फिरवलं की बहुतेक निघून जातं. कापूस मात्र धाग्याच्या आत पाणी शोषतो. कापसाचा टेडी स्पिननंतरही जडच राहतो, याचं कारण हेच.

कानाला चिमटा लावून दोरीवर टांगायची पद्धत सगळीकडे दिसते. त्याने सगळं पाणी पायांत उतरतं, कान लांब होतात, आणि पाय सगळ्यांत शेवटी वाळतात. बाल्कनीतली खुर्ची, भाजीची जाळीची टोपली, फोल्डिंगचा कपड्यांचा स्टँड, जिथे खालून हवा लागेल तिथे आडवा ठेवा. दर तीन-चार तासांनी कूस बदला आणि प्रत्येक वेळी पोट हाताने सुटं करा, गाठी मोडा. ऊन असेल तर पहिले दोन तास उन्हात, मग सावलीत, कारण गडद रंग दुपारच्या उन्हात विटतात. हेअर ड्रायर वापरायचा तर गार हवेवर. गरम हवा जवळून मारली की केसांची टोकं वितळून कडक होतात, हात फिरवला की टोचतात, आणि त्याला उपाय नाही.

वाळला की नाही, हे हाताला कळत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. धुण्याआधी कोरड्या टेडीचं वजन करा आणि कागदावर लिहून ठेवा. समजा 400 ग्रॅम भरला. वाळल्यावर पुन्हा 400 च्या आसपास आला पाहिजे. 430 दाखवत असेल तर ते 30 ग्रॅम पाणी पोटात आहे, मग वरून कितीही कोरडा लागो. पॉलिएस्टर हवेतली ओल जेमतेम धरतं, त्यामुळे हा हिशोब त्याला अगदी बरोबर बसतो. कापूस दमट हवेत आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल सहज धरून ठेवतो, तेव्हा कापसाच्या खेळण्याला पावसाळ्यात थोडी सूट द्या. आमच्या दुकानात हा काटा टेडीसाठी आणि उशांसाठीच ठेवलेला आहे.

पावसाळ्यात फॅनखाली टेडी वाळतो का? लहान, फायबरचा, नीट स्पिन केलेला असेल तर वाळतो, दीड दिवस धरा. खोलीत एसी असेल आणि त्यात ड्राय मोड असेल तर तो लावा, दार बंद ठेवा, हवेतली ओल तो ओढून घेतो. फ्रिजच्या मागे किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. शेगडीजवळ तर कधीच नाही, ही खेळणी पटकन पेट घेतात. मोठा टेडी, कापसाचा टेडी, थर्माकोलच्या दाण्यांचा टेडी, यांना जुलै-ऑगस्टमध्ये पाणी लावायचं नाही. ऑक्टोबरची उन्हं येऊ द्या. वर्षाची मोठी धुलाई मी गिऱ्हाइकांना दोनदा सांगतो, एकदा मे महिन्यात पाऊस यायच्या आत, आणि एकदा दिवाळीनंतर. निफाडला थंडीचा कडाका पडतो त्या दिवसांत आपल्याकडे हवा कोरडी आणि ऊन स्वच्छ असतं, टेडी मे महिन्याइतका भरभर नाही, पण छान वाळतो.

तोवर या पावसात मुलीला आराम कसा पडणार? फ्रीझर वापरा. टेडी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. उणे 18 अंशांना चोवीस तासांत किडे मरतात. डबल डोअर फ्रिजचा फ्रीझर त्या तापमानाला पोचतो. सिंगल डोअरमधला बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा गार नसतो, तिथे दोन-तीन दिवस ठेवा, तरी खात्री कमीच. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. गार टेडीवर पावसाळी हवेतलं पाणी जमतं आणि तो आपोआप ओला होतो. तीन-चार तास बांधलेलीच राहू द्या. मग बाल्कनीत नेऊन मुलीपासून लांब झटका, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर ब्रशचं तोंड लावून ओढून घ्या. मेलेले किडे आणि त्यांची घाण अजून आतच आहे, तेव्हा लहान टेडी जमेल तसा धुवून टाका. मोठ्याला धुलाई मिळेपर्यंत पलंगावर जागा नाही.

आणि टेडीवर सगळा राग काढू नका. गादी, उशी, गोधडीत किडे टेडीपेक्षा जास्त असतात. चादर-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यातून काढले नाहीत तर नुसते टेडी धुऊन मुलीच्या शिंका थांबणार नाहीत.

मामाच्या मोठ्या टेडीचं काय? तो अख्खा धुवायचा विचार सोडा. पाणी पिऊन तो इतका जड होतो की घरच्या मशीनच्या स्पिनचा तोल जातो, आणि पोटातलं पाणी आठवडाभर निघत नाही. त्याच्या पाठीवर शिवणीत चेन आहे का बघा, बऱ्याच मोठ्या टेडींना असते. नसेल तर पाठीची शिवण वीतभर उसवा. सगळं फायबर मोठ्या पिशवीत काढून घ्या, नुसती खोळ उलटी करून अभ्र्यात घालून धुवा. खोळ फॅनखालीही रात्रभरात वाळते. फायबर धुळकट किंवा वासाचं असेल तर धुवत बसू नका, गादीवाल्याकडे किलोवर नवीन फायबर मिळतं, मेन रोड-भद्रकालीच्या बाजूला चौकशी करा. भरताना ते बोटांनी पिंजून भरा, आधी पाय, मग हात, मग डोकं, सगळ्यांत शेवटी पोट. शिवण बंद करताना दोन्ही कडा आत दुमडा आणि सुई आळीपाळीने एकदा या कडेच्या, एकदा त्या कडेच्या घडीतून घालत दोरा ओढा, टाका बाहेर दिसत नाही. हे काम पावसातही होण्यासारखं आहे. एक अट मात्र पाळा, काढलेलं फायबर मुलीच्या खोलीत पिंजू नका आणि स्वतःही नाकाला रुमाल बांधा.

आत थर्माकोलचे दाणे निघाले तर आतली पिशवी फोडू नका. ते दाणे एकदा घरभर झाले की केरसुणीलाही चिकटतात.

गाणाऱ्या सशाचं पोट उघडून डबी काढता आली तर ससा बाकीच्यांसारखाच. वेल्क्रो किंवा चेन असते. डबी शिवून टाकलेली असेल तर बुडवायचा नाही. वाटीभर कोमट पाण्यात थोडं लिक्विड घालून रवीने घुसळा, वर येणारा फेस तेवढाच मऊ टूथब्रशवर घ्या, पाणी नाही. केसांच्या दिशेने हलका ब्रश फिरवा, ओल्या पिळलेल्या पांढऱ्या कपड्याने दोनदा पुसा, मग कोरड्याने. या कामात आतलं भरण भिजत नाही, त्यामुळे हे पावसातही चालतं. डबीच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे का ते मात्र आजच बघा. चपटा बटणासारखा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजून जखम होऊ शकते. शंका जरी आली तरी उलटी करवत बसायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं.

आजीच्या बाहुलीला सगळ्यांत जास्त सांभाळा. जुन्या साडीचं कापड धुऊन धुऊन विरलेलं असतं, आत बहुतेक कापूस किंवा चिंध्या, आणि साडी रेशमी असेल तर रंग जाण्याचीही भीती. तिला फ्रीझरचा उपचार चालतो, मग फेसाने वरवर पुसायचं. ऊन आलं की दोन तास सावलीच्या कडेला. भिजवायचीच वेळ आली तर शिवण उसवून कापूस बदला आणि कापड रिठ्याच्या कोमट पाण्यात हाताने काढा. रिठा जुन्या रेशमाला साबणापेक्षा बरा. त्याचा फेस डोळ्यांत गेला तर चांगलंच झोंबतं, म्हणून मुलीला जवळ घेऊ नका.

डेटॉलचा प्रश्न राहिला. गरज नाही. साबण आणि पाणी पुरे होतं, आणि ज्या मुलीला श्वासाचा त्रास आहे तिच्या नाकाशी रात्रभर डेटॉलचा वास ठेवायचं काही कारण नाही. सॅनिटायझर फवारून टेडी स्वच्छ होत नाही, धूळ जागच्या जागी राहते. ब्लीच रंग खातं. आणि ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये किंवा संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. खाण्याचा सोडा वास काढायला चांगला: कोरड्या टेडीवर भुरभुरा, पिशवीत घालून हलवा, अर्ध्या तासाने बाहेर नेऊन झटका. धुण्याचा सोडा वेगळा आणि फार जहाल, डबे बदलू देऊ नका.

टेडी जपून ठेवताना लोक डांबर गोळ्या टाकतात. हे बंद करा. डांबर गोळी म्हणजे नॅफ्थॅलिन. काही मुलांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, आणि त्याची घरच्यांना कल्पनाही नसते. अशा मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलिनने फुटतात, नुसत्या वासाच्या कपड्यांमुळेही. तान्ह्यांना सगळ्यांत जास्त धोका. कापूरही मुलाने खाल्ला तर फिट येऊ शकते. पूर्ण वाळलेला टेडी झाकणाच्या डब्यात ठेवला तर कशाचीच गरज पडत नाही.

डागांचं थोडक्यात. दूध, उलटी, रक्त, शू: आधी गार पाणी, गरम पाण्याने डाग बसतो. वरण-भाताची हळद साबण लागताच लाल होते, घाबरू नका, साबण खळबळून काढा आणि उन्हात ठेवा, हळद उन्हाने उडते. काजळ आणि मालिशचं तेल भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब कोरड्या डागावर चोळून मग पाण्याने. रंगपंचमीचा रंग पाणी लावण्याआधी कोरडाच झटकून काढायचा, पाणी लागलं की तो केसांत बसतो आणि गुलाबी टेडीची सवय करून घ्यावी लागते. शाळेतून उवा आल्या तर टेडी दोन आठवडे पिशवीत बांधून ठेवला तरी काम होतं, माणसाचं डोकं सोडून ऊ एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही.

पलंगावर एक, फार तर दोन. बाकीची डब्यात, आठवड्याला अदलाबदल. मुलीचा जीव एकाच टेडीवर असेल तर तसाच दुसरा आणून ठेवा, म्हणजे एक वाळत असताना रडारड होत नाही.

शेवटी, काही खेळणी धुवायचीच नसतात. काळे ठिपके पडलेला, धुऊन दोनदा वाळवूनही कुबट वास येणारा टेडी टाकून द्या, बुरशी पोटातल्या फायबरपर्यंत गेलेली असते. पुराच्या पाण्यात भिजलेलंही टाका. गोदावरीच्या पुराची पातळी ज्याच्यावरून ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की पंचवटी आणि सराफ बाजाराकडच्या घरांत काय शिरतं हे नाशिककरांना ठाऊक आहे. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर तसली खेळणी धुऊन मागणाऱ्यांना मी नाहीच म्हटलं. त्या पाण्यात गटारही मिसळलेलं असतं, आणि पोटातून ते निघाल्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. घंटागाडीत देताना पिशवी बांधून द्या, आणि गाणारं खेळणं असेल तर सेल आधी काढून वेगळ्या पुडीत द्या, ते बाकी कचऱ्यात मिसळायचे नसतात.